जुनं सागवान, नवा रंग

बजेट तोकडं असेल तर नव्या पार्टिकल बोर्डच्या कपाटापेक्षा जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारातलं जुनं सागवानी कपाट घ्यावं. बोर्ड पावसाळ्यात कडांनी फुगतो, बिजागरीचा स्क्रू एकदा सैल झाला की पुन्हा धरत नाही. सागाला मात्र रंधा मारून, लांबी भरून पुन्हा रंगवता येतं. परक्याचं वापरलेलं घरात कशाला, असं म्हणणारे भाड्याच्या घरात बिनदिक्कत राहतात! ढेकणांची भीती मात्र खरी. सांधे, खणांच्या खाचा टॉर्च मारून बघाव्यात. काळे ठिपके दिसले तर फुकटातही नको. जास्त जपायचं ते जुन्या रंगाला. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली, म्हणून त्याआधीचा थर कोरडा घासू नये, पाणी लावून वॉटरपेपर मारावा, पोरांना लांब ठेवावं. आणि टेम्पो-हमालीचा खर्च धरूनच भाव करावा.