मनगटावरचा धागा

मालवणहून परतून आठ दिवस झाले. बाहेर नागपूरचं ऊन रणरणतंय आणि मी कूलरसमोर बसून कॅमेऱ्यातले फोटो चाळतेय. 140 फोटो, बहुतेक हिरवे, धूसर. माशांच्या शेपट्या भरपूर, तोंडं कमी.

तारकर्लीच्या स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षकाने बजावलं होतं, पाण्यात एका जागी स्थिर तरंगता येईपर्यंत कॅमेरा हातात घेऊ नका. मी घेतलाच. श्वास घेतला की वर, सोडला की खाली. फिन्सचा एक फटका बसला आणि तळाची वाळू उठली. फ्लॅशने तिचा कण न् कण उजळवला, मासा राहिला बाजूलाच.

मन मात्र अडकलंय एका चुकून निघालेल्या फोटोत. त्यात माझं मनगट आहे, आणि निघताना आईने बांधलेला कोराडीच्या देवीचा लाल धागा. फोटोत तो मातकट, राखाडी दिसतो. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं; आठ-दहा मीटरवर तो जवळजवळ उरतच नाही. टॉर्च मारला असता तर परत आला असता. म्हणूनच तर हातभर अंतरावर जाऊन फोटो काढायचा, मधलं पाणी जितकं कमी तितका रंग जास्त. हे आत्ता सुचतंय. तेव्हा क्षणभर वाटलं होतं, हा हात माझा नाहीच.

आईला फोटो दाखवला. चष्मा वर सरकवून ती म्हणाली, ‘‘कोणाचा हात आहे गं हा?’’

धागा अजून मनगटावर आहे. मिठाने जरा कडक झालाय. काल अंबाझरी तलावाच्या काठावर बसले होते, तर उगाचच तो पाण्यात बुडवून पाहिला. लालच होता.