अकरावा फलंदाज

२९ फेब्रुवारी १९९६ ही तारीख माझ्या लक्षात राहिली ती लीप वर्षामुळे नव्हे, तर पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर त्या दिवशी जे घडले त्यामुळे. विश्वचषक स्पर्धेतील वेस्ट इंडीज आणि केनिया यांचा सामना होता. केनियाचा संघ त्या स्पर्धेत प्रथमच उतरला होता. त्यातील बरेचसे खेळाडू हौशी. निकालाविषयी आम्हा प्रेक्षकांच्या मनात कुतूहल असे नव्हतेच. अँब्रोज, वॉल्श, बिशप ही नावे वर्षानुवर्षे रेडिओवर ऐकलेली. ती माणसे प्रत्यक्ष धावत येताना पाहावीत, मग लाराची अर्धा-पाऊण तास फलंदाजी पाहावी आणि उन्हे उतरण्यापूर्वी घर गाठावे, एवढाच बेत.

बेताचा पहिला भाग यथासांग पार पडला. अँब्रोजची उंची सहा फूट सात इंच. तो चेंडू टाकी तेव्हा हात आणखी वर जाई आणि चेंडू जणू माडीच्या खिडकीतून कुणी खाली फेकावा तसा येई. केनियाचा डाव १६६ धावांत संपला. त्यातही सर्वांत मोठा वाटा ३७ अवांतर धावांचा होता, म्हणजे गोलंदाजांनी दानधर्मही बराच केला होता. पण त्याकडे लक्ष द्यावे असे कुणाला वाटले नाही. मधल्या सुटीत आमच्या रांगेतले दोघे-तिघे उठून गेले. पाहायचे ते पाहून झाले, असे त्यांचे म्हणणे.

त्यानंतर वेस्ट इंडीजचा डाव सुरू झाला आणि ९३ धावांत संपलाही. कर्णधार रिचर्डसन बाद झाला. लारा आठ धावा करून बाद झाला; केनियाच्या स्थूल यष्टिरक्षकाने त्याचा झेल पकडला आणि त्या क्षणी स्टेडियममध्ये जो आवाज उठला, त्यात आनंद किती आणि अविश्वास किती हे सांगणे कठीण. आम्ही सारे पुणेकर त्या दिवशी एका तासात केनियाचे झालो. दुबळ्याने बलवानाला लोळवावे आणि ते आपल्या डोळ्यांदेखत, याहून मोठा आनंद कोणता? मीही उभा राहून ओरडत होतो. परतताना मात्र, स्वारगेटच्या गर्दीतून वाट काढताना, एक वेगळेच चित्र डोळ्यांसमोर येऊ लागले. आपल्या वाट्याचे काम संपवून हे गोलंदाज तंबूत बूट सोडून बसले असतील. घामाने भिजलेले सदरे सुकले नसतील, तोच पॅड बांधण्याची पाळी आली असेल.

हे चित्र मला कल्पनेने रंगवावे लागले नाही. महाविद्यालयात असताना मी गोलंदाज होतो. वेगवान म्हणवून घेण्याइतका नव्हे, पण मॅटिंगवर चेंडू उसळे आणि त्याचे श्रेय मी स्वतःकडे घेत असे. शेजारच्या तालुक्याच्या गावी झालेल्या एका सामन्यात आम्ही प्रतिपक्षाला ८८ धावांत उखडले. पाच बळी माझे. पोहे आणि चहा झाला. आता आपण पाय पसरून झाडाखाली बसायचे, उरलेले काम इतरांनी करायचे, अशा समजुतीने मी बूट काढले. आमचा डाव ६१ धावांत आटोपला. संध्याकाळी परतीच्या एस.टी.त मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “आम्ही ऊर फुटेस्तोवर धावायचं आणि तुम्ही हजेरी लावून परत यायचं.” पुढच्या बाकावर आमचा सलामीवीर बसला होता. त्याने मागे वळून पाहिले नाही. हे वाक्य आपण योग्य तेच बोललो, अशी माझी अनेक वर्षे समजूत होती.

पुण्यातील पराभवानंतर मी वेस्ट इंडीजच्या संघाकडे या एकाच दृष्टीने पाहू लागलो. ‘राष्ट्रीय संघ’ हा शब्द त्यांना तंतोतंत लागू पडत नाही. जमैका, बार्बाडोस, अँटिगा, त्रिनिदाद असे वेगवेगळे देश. त्यांचे झेंडे वेगळे, सरकारे वेगळी. त्यांना एकत्र बांधणाऱ्या मोजक्या गोष्टींत क्रिकेट येते. १९८० पासून १९९५ पर्यंत हा संघ एकही कसोटी मालिका हरला नव्हता. १९९१ मध्ये रिचर्ड्‌स, ग्रीनिज, दुजाँ आणि मार्शल यांनी कसोटी क्रिकेट सोडले. मार्शलची जागा भरून काढणारे गोलंदाज होते. रिचर्ड्‌स आणि ग्रीनिज यांच्या जागा मात्र रिकाम्याच राहिल्या. लारा आला, पण तो एकटा. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियाने त्यांना त्यांच्याच भूमीवर हरवले आणि पंधरा वर्षांचे साम्राज्य संपले.

केनियाकडून हरलेला हाच संघ पंधरा दिवसांनी मोहालीला उपांत्य सामना खेळत होता. अँब्रोज आणि बिशप यांनी ऑस्ट्रेलियाची अवस्था ४ बाद १५ अशी केली. पुढे ऑस्ट्रेलियाने सावरून २०७ धावा केल्या, तरी वेस्ट इंडीज २ बाद १६५ पर्यंत पोहोचले तेव्हा अंतिम सामन्याची तिकिटे त्यांच्या खिशात होती. तेथून आठ गडी ३७ धावांत गेले. पाच धावांनी पराभव झाला. शेवटचा बळी वॉल्शचा. रिचर्डसन दुसऱ्या टोकाला नाबाद ४९ वर उभा होता.

पुढल्या वर्षी बार्बाडोसला आपलाच संघ त्यांच्यासमोर होता, सचिन तेंडुलकर कर्णधार. वेस्ट इंडीजचा दुसरा डाव १४० धावांत कोसळला आणि भारताला विजयासाठी हव्या होत्या केवळ १२०. मी घरी दिवाणावर मांडी घालून बसलो होतो. तो विजय पाहायचाच असे ठरवून. बिशप, अँब्रोज आणि रोझ या तिघांनी भारताला ८१ धावांत गुंडाळले. आपल्याकडे त्या पराभवाची हळहळ अजून संपलेली नाही. मला मात्र नंतर दुसरीच गोष्ट जाणवू लागली. ज्या दिवशी वेस्ट इंडीजच्या फलंदाजीचे वाभाडे निघायला हवे होते, त्या दिवशी त्या बेटावर विजयोत्सव झाला. १४० धावांत बाद झालेल्यांना कुणी जाब विचारला नाही, कारण गोलंदाजांनी तशी वेळच येऊ दिली नाही. २००० साली त्रिनिदादला झिम्बाब्वेविरुद्ध पुन्हा तेच. वेस्ट इंडीज १८७ आणि १४७. झिम्बाब्वेला हव्या होत्या ९९ धावा आणि त्यांचा डाव ६३ वर संपला.

एकत्र कुटुंबात कधीकधी एक थोरला भाऊ असतो. धाकट्याने केलेले देणे तो मुकाट्याने फेडतो. घराची अब्रू राहते, आणि धाकट्याला हिशेब शिकण्याची गरज उरत नाही. अँब्रोज आणि वॉल्श यांनी आपल्या संघाचे असे काही केले असेल काय? त्यांच्या पराक्रमाने संघ वाचला, आणि त्यामुळेच संघाचा आजारही झाकला गेला. या घसरणीची कारणे पुष्कळांनी सांगितली आहेत: तरुणांना वाटणारी बास्केटबॉलची ओढ, खेळपट्ट्यांची दुरवस्था, मंडळ आणि खेळाडू यांच्यातील भांडणे. ती खरी असतीलही. पण बळकट बाजू दुबळ्या बाजूला सुधारण्याची सवड देते तशी न सुधारण्याची मुभाही देते, हे कारण मला अधिक खोलवरचे वाटते. अर्थात, यात त्या दोघांचा दोष तो काय? चेंडू हातात आल्यावर गोलंदाजाने दुसरे काय करायचे?

ते दोघे बोलत नसत, याचेही मला आश्चर्य वाटे. अँब्रोज पत्रकारांना टाळण्याबद्दल प्रसिद्धच होता. वॉल्शचे वेगळे. तो संघाचा कर्णधार होता. १९९८ मध्ये ते पद काढून लाराला देण्यात आले. वॉल्श त्याच्या हाताखाली खेळत राहिला, धावत राहिला. २००० साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला तेव्हा तो ३७ वर्षांचा होता, अँब्रोज ३६ वर्षांचा. लॉर्ड्‌सच्या कसोटीत इंग्लंडला त्यांनी १३४ धावांत बाद केले. दोघांचे चार-चार बळी. आता तरी बूट काढून दोन घटका बसता येईल, असे त्यांना वाटले असेल. वेस्ट इंडीजचा दुसरा डाव ५४ धावांत संपला. त्याच दिवशी, ३० जूनला, इंग्लंडची दुसरी खेळीही सुरू झाली. एका दिवसात चारही डावांचा थोडा-थोडा खेळ झाला. इंग्लंडला हव्या होत्या १८८ धावा. वॉल्शने सहा बळी घेतले. अँब्रोजला बळी मिळाला एकच, पण त्याच्या २२ षटकांत धावा निघाल्या २२. इंग्लंड दोन गडी राखून जिंकले. त्या मालिकेत वॉल्शने ३४ बळी घेतले आणि मालिका वेस्ट इंडीजने ३-१ अशी गमावली. अखेरच्या कसोटीत ओव्हलवर हे दोघे फलंदाजीला आले तेव्हा इंग्लंडच्या खेळाडूंनी दुतर्फा उभे राहून त्यांना मानवंदना दिली. गोलंदाजांचा हा सत्कार त्यांच्या हाती बॅट असताना व्हावा, याची मला गंमत वाटली.

बॅट म्हटली की वॉल्शविषयी एक सांगायलाच हवे. त्याने कसोटीत ५१९ बळी घेतले. आपल्या कपिल देवचा ४३४ बळींचा विक्रम मागे टाकला. त्याच कसोटी कारकिर्दीत त्याच्या धावा अवघ्या ९३६ आहेत आणि शून्यावर बाद होण्याचा विक्रमही त्याच्याच नावावर जमा आहे: ४३ वेळा. फलंदाजी ही त्याच्या बाबतीत थट्टेचीच गोष्ट होती आणि तो स्वतःही त्या थट्टेत सामील असे. असा हा माणूस १९९९ च्या मार्चअखेर बार्बाडोसला शेवटचा फलंदाज म्हणून मैदानात उतरला, तो प्रसंग मी क्रम मोडून मुद्दाम शेवटी ठेवला आहे.

ऑस्ट्रेलियाविरुद्धची मालिका. पहिल्या कसोटीत वेस्ट इंडीज ५१ धावांत बाद झालेले. दुसऱ्या कसोटीत लाराने २१३ धावा काढून संघाला उभे केले. तिसऱ्या कसोटीत वॉल्शने पाच बळी घेऊन ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव १४६ वर रोखला, तरी विजयासाठी ३०८ धावा हव्याच होत्या. २४८ वर आठवा गडी बाद झाला. मग अँब्रोजने लाराला साथ दिली. दोघांनी ५४ धावांची भर घातली, त्यांत अँब्रोजच्या धावा थोड्या, पण त्याने लाराला हवा तेवढा वेळ मिळवून दिला. धावसंख्या ३०२ असताना तोही बाद झाला. सहा धावा उरल्या होत्या आणि वॉल्श येत होता. आमच्याकडे मध्यरात्र उलटली होती. घरातले सगळे झोपलेले, दूरदर्शन संचाचा आवाज मी अगदी बारीक केलेला.

वॉल्शने चेंडू सोडले, अडवले. समोरचा पाय पुढे टाकून बॅट सरळ धरली. एखाद्या शाळकरी पोराला गुरुजींनी शिकवावी तशी. जोराचा फटका मारावा असा मोह त्याला त्या काही मिनिटांत एकदाही झाल्याचे दिसले नाही. मग लाराने चौकार मारला. वॉल्श नाबाद राहिला, शून्यावर. धावफलकावर ती खेळी कुणाला दिसणारही नाही.

लोक मैदानात धावत होते आणि मी संच बंद करायचे विसरून बसलो होतो. कारण आमच्या त्या सामन्याची हकिकत सांगताना मी एक भाग नेहमी गाळत आलो होतो. वरही गाळला आहे. ६१ धावा झाल्या होत्या तेव्हा आमचे नऊ गडी बाद झाले होते आणि अकरावा फलंदाज मी होतो. २८ धावा हव्या होत्या. दुसऱ्या टोकाला आमचा सलामीवीर, तोच एस.टी.त पुढच्या बाकावर बसलेला, ३४ धावांवर खेळत होता. मी खेळपट्टीकडे जात असताना तो अर्ध्या वाटेपर्यंत सामोरा आला. त्याचा चेहरा उन्हाने रापलेला, ओठ कोरडे पडलेले. म्हणाला, “तू नुसता उभा राहा. धावा माझ्याकडे लागल्या.”

मी मान डोलावली. आणि पहिल्याच चेंडूवर, डोळे मिटून, सर्व ताकदीनिशी बॅट फिरवली.