ओढ आणि ढील

म्हणी रचणारा माणूस मोठा सावध असला पाहिजे. तो उपदेश करतो, पण आकडा सांगत नाही. 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' असे तो म्हणतो. अंथरूण किती हातांचे घ्यावे, हे मात्र दुकानदारावर सोपवतो. 'तुटेपर्यंत ताणू नये' असे तो बजावतो. आणि मग कुठपर्यंत ताणावे, हा प्रश्न आपल्या गळ्यात घालून स्वतः नामानिराळा राहतो. मराठीचा प्राध्यापक या नात्याने म्हणींचा अर्थ सांगणे हा माझ्या पोटापाण्याचाच भाग आहे. पण या म्हणीला आकडा असतो, आणि तो रद्दीवाल्याच्या काट्यावर वाचता येतो, हे ज्ञान मला वर्गात मिळाले नाही. ते मिळाले केळशीच्या खाडीवर, माझ्या मेहुण्याकडून.

केळशी ही माझी सासुरवाडी. दापोली तालुक्याच्या उत्तर अंगाला, भारजा नदी समुद्राला मिळते तिथे हे गाव आहे. महालक्ष्मीचे देऊळ, नारळी-पोफळीच्या वाड्या, किनाऱ्यावर वाळूची उंच टेकडी आणि पलीकडे वेळासची बाजू. अशा ठिकाणी जावयाने दुपारी आंबे खावेत आणि संध्याकाळी पुळणीवर फिरावे, अशी रीत आहे. माझा मेहुणा मात्र ही रीत मोडणारा. तो पुण्यात नोकरी करतो आणि सुट्टीत मासे गरवतो. कपड्यांच्या बॅगेपेक्षा त्याच्या काठ्यांची पिशवी लांब असते. गेल्या मे महिन्यात त्याने आम्हाला, म्हणजे मला आणि माझ्या मुलीला, जिताड्याच्या मागावर होडीत घातले.

जिताडा हा मोठा गमतीचा मासा. तो धड खाऱ्या पाण्यातला नाही आणि धड गोड्या पाण्यातलाही नाही. त्याचा जन्म खाडीच्या तोंडाशी होतो. बालपण खाजणांत आणि आत नदीच्या गोड्या पाण्यात जाते. आणि वंशवृद्धीसाठी तो पावसाळ्याच्या सुमारास पुन्हा खाली उतरतो. पेण-अलिबागकडे तर लोक त्याला शेततळ्यांत वाढवतात. तो चार-पाच फूट लांब होऊ शकतो. आणि सर्वांत मोठी गंमत पुढेच आहे. जिताडा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि काही वर्षांनी मादी होतो. तेव्हा फार मोठा जिताडा गळाला लागला, तर तो बहुतेक 'तो' नसतोच. ती 'ती' असते. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाने अशा प्राण्यापुढे हात जोडावेत, हेच बरे!

हा मासा धरण्याची मेहुण्याची रीत अशी. होडी माणसाच्या चालीने संथ चालवायची आणि तिच्या मागे तीस-चाळीस मीटरांवर लाकडाचा किंवा प्लास्टिकचा खोटा मासा ओढत न्यायचा. काठी होडीच्या कडेला खोबणीत उभी. काठीला रीळ, रिळावर दोरी. जिताडा त्या खोट्या माशावर झडप घालतो आणि उलटा पळत सुटतो. एकीकडे होडी पुढे चाललेली, दुसरीकडे मासा मागे चाललेला, आणि मध्ये बिचारी दोरी! रीळ जाम धरून ठेवले तर ती त्याच क्षणी तुटेल. म्हणून रिळाच्या पोटात एक चाप असतो. त्यात एकमेकींवर दाबलेल्या चकत्या असतात. ओढ ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की चकत्या घसरतात, रीळ उलटे फिरते आणि दोरी सुटू लागते. इंग्रजीत या चापाला 'ड्रॅग' म्हणतात. मी मेहुण्याला मराठी शब्द सुचवला: 'ओढ'. मराठीत ओढ दोरीलाही असते आणि माणसालाही असते. इंग्रजी शब्दाला ही सोय नाही.

पूर्वीच्या रिळांत हा चाप नव्हता. मासा पळाला की रिळाचा दांडा उलटा गरगर फिरे आणि गरवणाऱ्याची बोटे ठेचकाळून निघत. रिळावर चामड्याची पट्टी अंगठ्याने दाबून माशाला आवरावे लागे. १९१३ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ, कॅटालिना बेटापाशी, विल्यम बोशेन या गृहस्थाने ३५८ पौंडांचा तलवारमासा काठी-रिळावर धरला, तो आतल्या चकत्यांच्या नव्या रिळावर. तेव्हापासून अंगठ्याचे काम चकत्यांकडे गेले. चकत्या आधी चामड्याच्या होत्या, मग नमद्याच्या आल्या, आणि आता कार्बनच्या धाग्यांच्या असतात.

पण चकत्या किती आवळायच्या, हे कोण ठरवणार? मेहुण्याने होडीत पाय ठेवण्यापूर्वी पुळणीवरच ते ठरवले. पिशवीतून स्प्रिंगचा काटा काढला, दोरीचे टोक काट्याच्या आकड्यात अडकवले आणि काटा माझ्या मुलीच्या हाती दिला. तिला म्हणाला, "सावकाश ओढत मागे जा आणि रीळ फिरायला लागलं की आकडा सांग." मग तो चाप थोडा आवळी, थोडा सैल करी. शेवटी मुलगी म्हणाली, "मामा, तीन किलो." तिथे तो थांबला.

दोरी बारा किलोंची होती. म्हणजे बारा किलोंच्या ओढीला ती तुटते. मग तीनच का? मेहुण्याने हिशेब सांगितला. दोरीला जिथे गाठ असते, तिथे ती दुबळी होते. काठी वाकली की तिच्या कड्यांवर दोरी घासते आणि ओढ वाढते. विणलेली दोरी नायलॉनच्या तंगुसासारखी लांबत नाही, त्यामुळे हिसका सरळ बसतो. शिवाय स्थिर चकत्या हलवायला लागणारा जोर हलत्या चकत्यांपेक्षा जास्त. पावसाळ्यात फुगलेला टेबलाचा खण आठवा! आधी हलत नाही, मग एकदम अंगावर येतो. म्हणून सुरुवात तुटण्याच्या ओढीच्या चौथ्या हिश्श्याने करायची. फार तर तिसऱ्या. यापेक्षा कमीही नको. फार सैल चापावर ओढत्या खोट्या माशानेच दोरी सुटत जाते, आणि जिताड्याच्या टणक जबड्यात गळ रुतत नाही. म्हणीचा आकडा मला इथे मिळाला. तुटेपर्यंत ताणू नये. चौथा हिस्सा ताणावे.

आमचे तांडेल हे सारे विडी ओढत पाहत होते. त्यांचा जन्म हातदोरीवर मासे धरण्यात गेलेला. त्यांनी आपला उजवा पंजा पुढे केला. तर्जनीवर दोरीने पाडलेल्या पांढऱ्या रेघा होत्या. "सर, आमचा काटा ह्यो," ते म्हणाले. खोटे नव्हते. बोटांना ओढ कळते, हे खरेच. पण ती कळायला बोटे आधी चाळीस वर्षे कापून घ्यावी लागतात.

पुळणीवर आणखी एक गोष्ट ठरली. दोन हातांपर्यंतचा मासा तांडेलांचा. त्याहून मोठा लागला तर सोडून द्यायचा, आणि अंदाजे वजनाचे पैसे बाजारभावाने मेहुण्याने द्यायचे. पाऊस तोंडावर आला होता. मोठा जिताडा म्हणजे अंड्यांवर आलेली मादी असण्याचा संभव. तांडेल म्हणाले, "सोडायचाच तर धरायचा कशाला?" प्रश्न बिनतोड होता. मेहुण्याने उत्तर दिले नाही. पाकिटात पैसे आहेत, एवढे दाखवले.

या मासे सोडणाऱ्यांच्या पंथात चापाला दुहेरी महत्त्व आहे. चाप घट्ट असला आणि दोरी तुटली, तर मासा सुटत नाही. तो तोंडात गळ आणि मागे लांबच लांब दोरी घेऊन जातो आणि कुठे तरी मुळांत अडकून मरतो. चाप फार सैल असला, तर झुंज लांबते, मासा दमून गळतो आणि सोडल्यावरही जगेल याचा भरवसा नसतो. म्हणजे जास्त ताणणे हा जसा घात, तसा जास्त ढील हाही घातच. म्हण फक्त अर्धेच सांगते. नदीतल्या मोठ्या माशांच्या बाबतीत हा प्रश्न आता साधा राहिलेला नाही. १९४६ साली म्हैसूरकडच्या कबिनी नदीत १२० पौंडांचा महसीर गळाला लागला होता. गरवणारे अजून त्याची स्वप्ने पाहतात. कावेरीच्या त्याच खोऱ्यातला कुबडा महसीर २०१८ साली नामशेष होण्याच्या काठावरच्या प्राण्यांच्या यादीत गेला. आपल्याकडे महाडजवळच्या वाळणकोंडीचे मासे देवीचे म्हणून निर्धास्त आहेत. ज्या माशांना देवीचा आधार नाही, त्यांना निदान चाप नीट लावणारा माणूस तरी मिळावा.

भरती वळता वळता काठी वाकली आणि रीळ खर्रर्र करून ओरडले. मेहुण्याने काठी माझ्या मुलीच्या हातात दिली. तांडेलांनी इंजिन मंद केले. दोरी पाणी कापत नदीच्या वरच्या अंगाला निघाली. पन्नास मीटर गेली, शंभर गेली, तरी थांबेना. रीळ डोळ्यांदेखत बारीक होत चालले. मुलगी ओरडली, "मामा, सगळी दोरी नेतोय! घट्ट करू?"

"घट्ट नको," मेहुणा शांतपणे म्हणाला. "थोडा सैल कर."

पळणाऱ्याला अधिक सैल सोडायचे, हे माझ्या बुद्धीला उलटे वाटले. पण त्यामागे साधे शास्त्र आहे. जात्याचा खुंटा काठाशी असतो म्हणून जाते हलके फिरते. तोच खुंटा मध्याच्या निम्म्या अंतरावर ठोकला, तर दुप्पट जोर लावावा लागेल. रिळाचेही तसेच. ते भरलेले असते तेव्हा दोरी काठावरून ओढते. दोरी गेली, रिळाचा व्यास निम्मा झाला, की चापाला हात न लावता तीन किलोंचे सहा किलो होतात. त्यात पाण्यातली लांबलचक दोरी स्वतःच्या घर्षणाने आणखी भर घालते. म्हणजे मासा जितका दूर, तितकी ओढ आपोआप जास्त. घट्ट करायची गरज वाटते ती नेमकी त्याच वेळी. आणि दोरी तुटते तीही त्याच वेळी. पुढे मासा जवळ आला, रीळ पुन्हा भरले, की मग चाप होता तिथे आणायचा.

बारा-पंधरा मिनिटांनी जिताडा होडीच्या कुशीला आला. दोन वेळा त्याने पाण्याबाहेर उडी घेऊन डोके झाडले. नंतर मुलीने त्याला पाण्यातच धरून ठेवले, तेव्हा त्याचे डोळे उन्हात लालसर चमकत होते. तो दोन हातांहून सहज मोठा होता. मेहुण्याने चिमट्याने गळ काढला. तांडेलांनी वजनाचा अंदाज सांगितला, आणि मेहुण्याने घासाघीस केली नाही. मासा, किंवा ती मासोळी, शेपटीचा एक फटका देऊन गढूळ पाण्यात उतरली.

हे सारे मी इतक्या बारकाईने का लक्षात ठेवले, ते आता सांगतो. जुलै महिन्यात माझी मुलगी पुढच्या शिक्षणासाठी बंगळूरला जायची होती. आमच्या घरात त्यावरून दोन पक्ष पडले होते. सौभाग्यवतींच्या मते मी पहिल्यापासून फार ढील देतो. माझ्या मते त्या फार ताणतात. मुलीचे मत आम्ही दोघांनीही विचारलेले नव्हते. रोज तीनदा फोन व्हावा, ती कुठे आहे ते आमच्या फोनच्या नकाशावर दिसावे, मैत्रिणींचे नंबर आधीच लिहून घ्यावेत, अशी कलमे वाढत चालली होती.

केळशीहून परतल्यावर एका रविवारी आम्ही तिघे बसलो. कोणी रागावलेले नव्हते, कोणाचा फोन लागायचा राहिला नव्हता. दोरी कोरडी होती, असे म्हणा ना! तेव्हाच आकडा ठरवला: रात्री नऊला एक फोन. नकाशा नाही. मैत्रिणींचे दोन नंबर, तेही अडीअडचणीलाच. पहिल्या पंधरवड्यात एकदा नऊचे साडेदहा झाले. सौभाग्यवतींचा हात नव्या कलमांकडे वळला. मी म्हणालो, "अहो, ती हजार किलोमीटरांवर आहे. तेवढ्या अंतराने ओढ आधीच दुप्पट झाली आहे. आपण आणखी आवळायला नको." त्या काही बोलल्या नाहीत. रिळाचा हिशेब त्यांनी आपल्या भावाकडून आधीच ऐकलेला होता.

मोसम संपला की रिळाचा चाप पूर्ण सैल करून ठेवायचा असतो. नाही तर चकत्या कायमच्या दबून बसतात आणि पुढच्या वेळी ओढ नीट सुटत नाही. मुलगी दिवाळीला घरी येणार आहे. तेवढे चार दिवस नऊच्या फोनचा नियम बंद राहील.