एका पत्त्यावर सगळे

नाशिकच्या आमच्या डीटीपीच्या दुकानात तीन कॉम्प्युटर होते, नेट मात्र एकावरच. मोडेम किरकिरत जोडला जायचा आणि तेवढा वेळ गिऱ्हाइकांचा फोन लागायचा नाही. बाबा मेल बघून उठेपर्यंत आम्ही मागे ताटकळत उभे.

२००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं आणि पुढे आमच्याकडेही आलं. तार तीच, तांब्याची. आवाज खालच्या लहरींवर, नेट वरच्या, आणि दोघांना वेगळं करणारा छोटासा स्प्लिटर. २५६ केबीपीएसचा तो वेग आम्हाला भरपूर वाटे. मग राउटर आला. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जीएल, निळा-काळा, मागे दोन अँटेना.

तिघांना एकदम नेट मिळतं कसं, हे समजलं आणि मी त्या डब्यावर लुब्ध झाले. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते साऱ्या जगात मिळून सुमारे ४३० कोटी. प्रत्येक यंत्राला वेगळा द्यायचा तर पुरणार कुठून? म्हणून बाहेरच्यांसाठी अख्ख्या दुकानाचा पत्ता एकच. आत राउटर ज्याला त्याला १९२.१६८ ने सुरू होणारा नंबर देतो. हे नंबर खासगी वापरासाठी राखलेले, त्यामुळे आमच्याकडचा नंबर शेजारच्या प्रेसमध्येही असला तरी कुणाचं अडत नाही. कुठल्या यंत्राने कुणाशी संपर्क साधला याची नोंद राउटर ठेवतो आणि उत्तर आलं की त्याच यंत्राकडे धाडतो. बाबांच्या पीडीएफ आणि माझ्या फॉन्टच्या फाइली एकाच तारेतून येत, पण अदलाबदल कधी झाली नाही. ही मुकाट हिशेबनिशी मला वेगापेक्षा कितीतरी मोठी वाटते. दुकानातली मागे उभं राहण्याची सवय तिने मोडली.

नावातल्या शेवटच्या ‘एल’लाही इतिहास आहे. मूळ डब्ल्यूआरटी५४जी २००२ च्या अखेरीस आला. त्याच्या आत लिनक्स आहे हे जाणकारांनी ओळखलं, परवान्याची अट दाखवली आणि कंपनीने कोड खुला केला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं. पुढच्या एका आवृत्तीत कंपनीने मेमरी कमी करून लिनक्स काढलं. पण ते हवं असणारे इतके होते की त्यांच्यासाठी जीएल वेगळा काढावा लागला. आम्हीही त्यावर ओपनडब्ल्यूआरटी चढवलं. त्याच्या १६ एमबी मेमरीत नवी सॉफ्टवेअरं मावेनाशी झाली, तेव्हाच त्याला निरोप दिला.

आता घरी फायबर आहे. जोडणीबरोबर मिळालेल्या डब्यात मला वायफायचं नाव आणि पासवर्ड बदलता येतो, बाकी बरंचसं कुलूपबंद. आपल्या घरातली सगळी ये-जा ज्याच्यातून होते, ते यंत्र आपल्याला उघडून बघता आलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. म्हणून त्या डब्यामागे मी स्वतःचा राउटर जोडला आहे. कुणी कुठला घेऊ म्हणून विचारलं, तर मी आधी ते मॉडेल ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत आहे का ते बघायला सांगते. वेगाचं नंतर.