बाकी जुळत नाही

आमच्या आईचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावतं : "देव करतो ते बऱ्यासाठीच." एकदा माझ्या कॅशमध्ये पाचशे रुपये कमी आले आणि ते मी मुकाट्याने खिशातून भरले, तेव्हाही ती हेच म्हणाली. बरं नक्की कोणाचं, हे तेवढं विचारायचं राहिलं.

हेच वाक्य सिद्ध करायला लायब्निझ नावाच्या जर्मन गृहस्थाला १७१० साली जाडजूड ग्रंथ छापावा लागला, हे वाचल्यापासून माझा आईविषयीचा आदर वाढला आहे. गृहस्थ तसा आमच्याच बिरादरीतला. आकडेमोडीचं यंत्र बनवणारा. त्याचं म्हणणं असं, की देवापुढे अगणित जगांची टेंडरं आली होती. देव चांगला, म्हणून त्याने सर्वोत्तम जग मंजूर केलं. सर्वांत स्वस्त नव्हे!

पण चांगल्या देवाला सर्वोत्तम निवडणं भागच असेल, तर ती निवड कसली? १६७६ साली लायब्निझ हेगला जाऊन स्पिनोझाला भेटला होता. स्पिनोझाचा हिशेब रोखठोक : त्रिकोणाच्या कोनांची बेरीज जशी ठरलेली, तसंच जे घडतं ते अटळ. लायब्निझने तोड काढली. चांगुलपणा देवाला प्रवृत्त करतो, सक्ती करत नाही. दुसरं जगही शक्य होतं. घटनेची कारणं शोधत गेलं तर ती संपतच नाहीत. भागाकारात बाकी उरतच जावी, तसं.

१ नोव्हेंबर १७५५ ला, ऐन सणाच्या सकाळी, लिस्बनला भूकंप झाला. १७५९ मध्ये व्होल्तेरने 'कांदीद' लिहून या 'सर्वोत्तम' जगाची यथेच्छ टर उडवली. लायब्निझ १७१६ मध्येच वारल्यामुळे त्याचा खुलासा मागवता आला नाही.

बाबा गेले त्या संध्याकाळी मी बँकेत होतो. दोनशे रुपये जुळत नव्हते. घरून फोन आला तेव्हा "दहा मिनिटांत निघतो" म्हणालो आणि निघालो तासाने. पोचलो तेव्हा उशीर झाला होता. त्या रात्री आई 'बऱ्यासाठीच' म्हणाली नाही.

स्पिनोझाकडे गेलो तर तो मला सोडवतो : तू वेळेवर पोचणं शक्यच नव्हतं. लायब्निझ म्हणतो, शक्य होतं. झोप लागते ती स्पिनोझाच्या हिशेबाने; पण पटतं लायब्निझचं. बाबांकडे जाणारी एक वाट त्या दिवशी उघडी होती, हे खोडून टाकायला हात धजत नाही.

हल्ली घरून फोन आला, की कॅश साहेबांच्या हवाली करतो आणि सरळ निघतो. बाकी उद्या जुळते. नाहीच जुळली, तर खिसा आहेच.