मी बुजवलेली वाट

हेडलाइटमध्ये पाणी दिसलं की माणूस आधी भोक शोधतो. मीही शोधलं. दिव्याच्या मागच्या बाजूला, खाली तोंड करून असलेली बोटाएवढी रबरी नळी सापडली. हीच गळती, असं ठरवून मी ती सिलिकॉनने बुजवली. त्या दिवसापासून डाव्या दिव्यातली वाफ हटलीच नाही. मी बंद केली ती कारखान्याने मुद्दाम ठेवलेली हवेची वाट होती, हे समजेपर्यंत एक पावसाळा गेला, एक दिवा कायमचा निकामी झाला आणि घटांगच्या रस्त्यावर एका नवराबायकोला माझ्यामुळे मार लागला. पहिल्या दोन गोष्टींचं मला फारसं काही वाटत नाही. तिसरीसाठी हे लिहितो आहे.

आमच्या परतवाड्यात हा त्रास जरा जास्तच आहे, आणि त्याला कारण आहे. अमरावती-अकोल्याकडचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरात जातो. बॉनेटखाली इंजिनाची उष्णता त्यावर आणखी. दिव्यामागचं रबरी टोपण या उन्हाने कडक होतं, त्याची कड चिरते. मे महिन्यात त्याचा काहीच पत्ता लागत नाही, कारण हवेत ओल नसते. मग मिरग लागतो आणि तीच गाडी घेऊन आपण सातपुड्यात शिरतो. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटरवर, परतवाडा त्याच्या साधारण साडेसातशे मीटर खाली. एवढ्या चढात हवा चार-पाच अंशांनी थंड होते. खाली ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेतली वाफ सुमारे २६ अंशांना पाणी होऊ लागते. गावातली हवा दिव्यात भरून आपण धामणगाव गढीवरून वर निघालो की मोथ्याच्या आसपास काच त्याहून थंड झालेली असते. तेव्हा वाफ धरायला चिरेची गरजच नसते.

हे मी आधी वाचलं असतं तर सिलिकॉनची ट्यूब विकत घेतली नसती.

दिवा पूर्ण बंद का करत नाहीत, हा प्रश्न मलाही पडला होता. पूर्वी तसे दिवे होते. अमेरिकेत १९४० पासून चार दशकं ‘सील्ड बीम’च चालले: तंतू, आरसा आणि काच सगळं एकाच बंद भांड्यात, तंतू जळाला की अख्खा दिवा फेकायचा. आता बल्ब वेगळा बदलता येतो, काच पॉलिकार्बोनेटची असते आणि दिव्यात हवा खेळते. बल्ब लागला की आतली हवा तापते. ती २५ अंशांवरून ६५ वर गेली तर तिचं आकारमान १३ टक्क्यांच्या आसपास वाढतं. तेवढ्या हवेला बाहेर जायला वाट हवी, आणि बल्ब विझला की परत यायलाही. ती वाट म्हणजे ब्रीदर. काही गाड्यांत साधी वाकडी नळी असते, काहींत पातळ पडदा, जो हवा आणि वाफ जाऊ देतो पण पाण्याचा थेंब अडवतो. या वाटेने दिवा रोज थोडी ओल घेतो आणि तापल्यावर सोडून देतो. म्हणून पावसाळ्यात सकाळी काचेच्या कोपऱ्यात हलकं धुकं दिसलं आणि दिवा लावून गाडी चालवल्यावर ते गेलं, तर तो बिघाड नव्हे. थेंब ओघळत असतील, तळाशी पाणी हलत असेल, किंवा दोन दिव्यांपैकी एकाच दिव्यात वाफ राहत असेल, तर मात्र काहीतरी बिघडलं आहे.

माझ्या बाबतीत एकाच दिव्यात होती. इथेच उत्तर होतं. दोन्ही दिवे एकाच वयाचे, एकाच पावसात भिजलेले. मग डाव्यात असं काय वेगळं झालं? तर पावसाच्या तोंडावर त्याचा बल्ब मी स्वतः बदलला होता. बॅटरीमुळे तिथे हात नीट जात नाही. रबरी टोपण मी अंदाजाने दाबून बसवलं. त्याची कड खाचेत चहूबाजूंनी बसावी लागते आणि त्यावर ‘टॉप’ अशी खूण असते ती वर यावी लागते, हे मला माहीत नव्हतं. खालची कड दुमडलेली राहिली. चाकाने उडवलेलं पाणी तिथून आत जात होतं. बल्ब बदलणं आणि वाफ येणं यांत मधे जेमतेम काही आठवडे गेले होते, तरी माझ्या डोक्यात ते जुळलं नाही. आपल्या हातचं काम बरोबरच असणार, असं मी धरून चाललो होतो.

त्यात आणखी एक भर. घाटातून आलो की गाडी लाल चिखलाने माखलेली असायची, आणि मी सरळ वॉशिंगवर जायचो. दिवे तापलेले, वर थंड पाण्याचा जोराचा फवारा. आतली तापलेली हवा झपाट्याने आकसते आणि मिळेल त्या फटीतून बाहेरचं खेचून घेते. बाहेर त्या वेळी पाणीच असतं. फवारा दिव्याच्या मागेही मारा, चिखल राहतो, असं मीच त्या पोराला सांगत असे.

मग सिलिकॉन. काचेच्या आणि काळ्या बुडाच्या जोडावर सगळीकडे फिरवलं आणि उरलेलं त्या नळीत भरलं. व्हिनेगरसारखा आंबट वास येत होता. तो वास ॲसिटिक आम्लाचा, अशा सिलिकॉनमधून ते सुकताना निघणारा. दिव्यातला आरसा म्हणजे प्लॅस्टिकवर चढवलेला ॲल्युमिनियमचा थर, मायक्रॉनहूनही पातळ. वाट बंद, आत ओल आणि त्यात आम्लाची वाफ. पंधरवड्यात आरसा दुधाळ झाला. तो साफ करायला मी तारेला कापड गुंडाळून बल्बच्या भोकातून आत फिरवलं, तर थरच निघून आला आणि काळे चट्टे पडले. पाण्याने झालेलं नुकसान उन्हात सुकलं असतं. माझ्या हाताने झालेलं भरून येणारं नव्हतं.

आता घटांगचं. ऑगस्टची संध्याकाळ, सेमाडोहकडून परत येत होतो. झिमझिम पाऊस, अंधार लवकर पडलेला. डावा दिवा आरशाने आंधळा आणि काच आतून थेंबांनी भरलेली. रस्ता दिसेना म्हणून मी हाय बीम लावला आणि तसाच ठेवला. त्या रस्त्याला रानगवा वळणावर समोर उभा असू शकतो, या भीतीने मला तो विझवावासा वाटेना. वळणावरून मोटारसायकल आली. मी लो बीमवर घेतलं, पण माझ्या दिव्यात आता लो आणि हायमध्ये फरकच उरला नव्हता. लो बीमसाठी बल्बच्या आत तंतूखाली छोटं झाकण असतं, आणि त्यामुळे प्रकाश वर न जाता रस्त्यावर पडतो. काचेवरचा प्रत्येक थेंब तो प्रकाश मोडून भलतीकडे फेकतो, वरही. म्हणजे मला कमी दिसत होतं आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जात होतं. मोटारसायकल रस्ता सोडून कडेच्या नालीत गेली.

तो पायावर पडला होता, बाईंचं कोपर सोललं होतं. मी त्यांना परतवाड्याच्या दवाखान्यात घेऊन आलो. हाड शाबूत होतं. वाटेत तो एवढंच म्हणाला, “भाऊ, डोये दिपले ना एकदम. रस्ताच दिसेना.” त्याने माझ्यावर आवाज चढवला नाही. मी मात्र त्या रात्री झोपलो नाही. महिनाभर मी ज्याला गाडीचा शोभेचा बिघाड समजत होतो, त्याने दोन माणसं नालीत घातली होती. दिवा आपल्याला दिसावं म्हणून जेवढा असतो तेवढाच समोरच्याला दिसत राहावं म्हणूनही असतो, याचा मी विचारच केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अंजनगाव रोडवरच्या एका जुन्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी काचेकडे पाहिलंच नाही. हात मागे घातला आणि दुमडलेली कड मला बोटाने दाखवली. मग नळीतलं सिलिकॉन पाहून म्हणाले, “काऊन भाऊ, पानी आत जाते तिकडून उघडं ठेवलं अन् निंगते तिकडून बंद केलं?” मग उजव्या दिव्याची नळी काढून दाखवली. तिच्या तोंडाशी कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. तो दिवाही चार-सहा महिन्यांत त्याच वाटेला लागला असता. काडीने माती काढली, नळी धुतली, उन्हात ठेवली.

डावा दिवा बदलावा लागला. तो वाचवता आला असता का, असं विचारलं तर मिस्त्री म्हणाले की सिलिकॉनआधी आले असते तर उघड्या दिवसाचं काम होतं. मागचं टोपण काढायचं, बॉनेट उघडं टाकून गाडी उन्हात उभी करायची, मधून दिवा लावायचा म्हणजे आतली हवा तापून ओल घेऊन निघते. पूर्ण सुकल्यावर नवं टोपण. पुसायचं काही नाही, आत बोट घालायचं नाही. बल्बच्या काचेलाही बोट लावायचं नाही, कारण हाताचं तेल तिथे जळतं आणि बल्ब अकाली जातो. हेअर ड्रायर लांबून चालेल, पण पेंटवाल्यांची हीट गन नको. तिने काच वाकते. जोडावरून खरंच गळत असेल तर दिवा काढून, उघडून, जुना डिंकासारखा ब्युटाइलचा थर काढून नवा भरायचा. वरून लेप चोपडून ते होत नाही.

माझ्या पुतण्याच्या नव्या गाडीला एलईडी दिवे आहेत. त्यात कोपऱ्यात धुकं आलं आणि तो लगेच दिवा उघडायला निघाला. त्याला मी थांबवलं. एलईडीची उष्णता पुढे काचेकडे येत नाही, मागच्या धातूच्या पात्यांतून जाते. काच थंड राहते, म्हणून हॅलोजनपेक्षा धुकं जायला वेळ लागतो. थेंब नव्हते, तळाशी पाणी नव्हतं. दोन कोरडे दिवस गेले आणि काच साफ झाली. पण हेच कारण धरून कुणी हॅलोजनच्या जुन्या दिव्यात बाजारातला एलईडी बल्ब घालू नये. तो आरसा त्या प्रकाशासाठी घडवलेला नसतो आणि समोरच्याचे डोळे पुन्हा दिपतात.

नवा दिवा बसवला त्या संध्याकाळी मिस्त्रींनी तो नीट लावूनही घ्यायला सांगितला. एरवी मी पैसे देऊन निघून गेलो असतो. गावाबाहेर एका संत्र्याच्या गोदामाची लांब भिंत आहे. सपाट जमिनीवर, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी केली, टायरची हवा बरोबर, चालकाच्या जागी मी बसलेला. दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूने रेघ मारली आणि लो बीमची वरची कड त्या रेघेच्या १० सेंटीमीटर खाली येईपर्यंत मिस्त्रींनी मागचा स्क्रू फिरवला. उजवा दिवा आधीपासून रेघेच्या वर होता. तोही खाली घेतला.