शेजारचा दात

बँकेच्या नोकरीची माझी बरीच वर्षे वाशीम, कारंजा, रिसोड या भागातील शाखांत कर्जखाती तपासण्यात गेली. एक हप्ता थकला की खातेदाराला तातडीने पत्र धाडणाऱ्या मी स्वतःच्या दाढेवरील काळ्या ठिपक्याकडे मात्र दोन वर्षे दुर्लक्ष केले. कारण एकच, दाढ दुखत नव्हती.

एका रात्री ती ठणकू लागली. सकाळी दंतवैद्यांनी एक्स-रे काढला. दाढ आतून पोखरलेली होतीच. पण पुढच्या दातालाही, नेमकी जेथे दाढ टेकते तेथे, कीड लागलेली दिसली. तो दात कधीच दुखला नव्हता. कर्ज एकाचे आणि वसुली जामीनदाराकडून, असाच हा प्रकार!

दंतवैद्यांनी उलगडून सांगितले. 'कीड' म्हणजे अळी नव्हे. दातावर साचणाऱ्या चिकट थरातील जिवाणू साखरेचे आम्ल बनवतात आणि त्या आम्लाने दाताचे कवच, म्हणजे इनॅमल, विरघळू लागते. आरंभी केवळ पांढरट डाग दिसतो. त्या वेळी स्वच्छता राखली, फ्लोराइडयुक्त पेस्ट वापरली, तर लाळेतील क्षारांनी झीज भरून येऊ शकते. इनॅमलला संवेदना नसते, म्हणून वेदना नाही. त्याखालचा थर मऊ असतो. तेथे कीड आडवी पसरते. नसेपर्यंत पोहोचली की ठणका सुरू होतो. म्हणजे वेदना ही पहिली नोटीस नसून बहुधा शेवटची असते.

कीड एका दातातून दुसऱ्यात उडी मारत नाही. परंतु दोन दातांच्या फटीत अन्न अडकते, ब्रश तेथे पोहोचत नाही आणि तोच थर दोन्ही दातांना झिजवतो. दाढ काढून जागा रिकामी ठेवली, तरी शेजारचे दात कालांतराने तिकडे कलतात आणि समोरचा दात त्या पोकळीत उतरू लागतो.

आपल्या व्यापारी घरांत गादीवर बसल्या बसल्या गोड चहा, खडीसाखर, मुखवास दिवसभर चालू असतो. प्रत्येक वेळी तोंडात सुमारे अर्धा तास आम्लाचा अंमल राहतो. त्यामुळे साखर किती खाल्ली याइतकेच ती किती वेळा खाल्ली हेही महत्त्वाचे. चौविहार पाळणाऱ्यांच्या दातांना रात्रभर विसावा मिळतो खरा. मात्र झोपेत लाळ कमी होते, म्हणून सायंकाळच्या भोजनानंतर, सूर्यास्तापूर्वीच, ब्रश करून दातांच्या फटी दोऱ्याने साफ कराव्यात.

माझी दाढ गेली. शेजारचा दात वेळीच भरल्यामुळे वाचला. परवा सात वर्षांच्या नातीची नवी दाढ तपासून आणली. दुधाच्या दातांमागे सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी ही दाढ कायमची असते. पुष्कळ घरांत ती दुधाचीच समजून सोडून दिली जाते. नातीने विचारले, "आजोबा, मला तर काहीच दुखत नाही, मग कशाला जायचे?"

मी म्हणालो, "म्हणूनच."